आठ रात्री, सहा शहरं आणि सासूबाईंचे गुडघे

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की युरोपला पहिल्यांदा जाताना दहा देशांचं पॅकेज घेण्यापेक्षा एकच देश घ्या, पोर्तुगाल घ्या. झालं, महिनाभर मेल येतायत. म्हणून या वेळी सगळे प्रश्न पोर्तुगालचेच घेतले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत, त्यामुळे कोणी रागावू नका.

प्रश्न (डोंबिवली): ताई, मी, नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे मे महिन्यात निघतोय. हातात आठ रात्री. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय: लिस्बन २, एव्होरा १, कोइंब्रा १, पोर्तो १, मग माद्रिद १, सेव्हिया १ आणि परत लिस्बन १. सिंत्रा "वाटेत" होईल म्हणतो. मला हे जरा जास्त वाटतंय पण तो म्हणतो इतके पैसे घालून जातोय तर बघून घेऊ. सासूबाईंचे गुडघे दुखतात पण त्या तसं कबूल करत नाहीत. कसं करू?

उत्तर: आधी तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून सांगा की शीट छान आहे, कारण असं सांगितल्याशिवाय पुढचं कोणी ऐकत नाही. आता त्या शीटमध्ये एक कॉलम वाढवा, "सामान हलवायचं" असा. हॉटेल सोडायचं सकाळी अकराच्या आसपास, पुढच्या गावात खोली मिळणार दुपारी दोन-तीनला, मधे पॅकिंग, स्टेशन, गाडी, परत टॅक्सी, परत त्या हॉटेलवाल्याला पासपोर्ट दाखवा, म्हणजे एका शिफ्टिंगला चार-पाच तास कुठेच गेले नाहीत. तुमच्या शीटमध्ये अशी सहा शिफ्टिंग आहेत. म्हणजे आठातला दीड दिवस फक्त बॅगा ओढण्यात, आणि हा जागेपणीचा दीड दिवस आहे, झोपेचा धरलेला नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये, आम्ही स्वतः एकदा नऊ दिवसांत सहा गावं केली होती आणि परत आल्यावर फोटो बघताना आमचे हे म्हणाले, हे चर्च कुठलं गं, आणि मलाही सांगता आलं नाही.

तर गावं मोजू नका, रात्री मोजा आणि कमीत कमी ठिकाणी झोपा. पोर्तुगाल त्यासाठी एकदम सोयीचा देश आहे कारण तो लांबट आणि छोटा आहे, पोर्तो ते लिस्बन ट्रेनने तीन तास लागतात, म्हणजे मुंबई-पुणे धरा.

स्पेन सरळ काढून टाका. नकाशात माद्रिद शेजारी दिसतं पण लिस्बन-माद्रिद थेट ट्रेन नाही, जी रात्रीची होती ती २०२० पासून बंद आहे, आणि सेव्हियालाही थेट ट्रेन नाही, बसमध्ये सहा-सात तास बसायचं किंवा विमान. वर स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे, त्यात कोणीतरी गाडी चुकवतंच. स्पेनला वेगळं जा.

आता विमान. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतंच, मग बदलायचंच आहे तर जाताना पोर्तोला उतरा आणि येताना लिस्बनहून निघा. बुकिंग करताना "रिटर्न"च्या ऐवजी "मल्टी-सिटी" निवडायचं, बहुतेक वेळा भाडं फार वाढत नाही आणि मागे फिरून यायचा एक दिवस वाचतो. मग आठ रात्रींचं वाटप असं होतं: पोर्तोला ३, लिस्बनला ५. दोनच हॉटेलं. बाकी सगळं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बॅगा खोलीत.

पोर्तोचा पहिला दिवस विमानाच्या झोपेत जाईल, तो तसाच जाऊ द्या, संध्याकाळी फक्त सांव बेंतु स्टेशनात एक चक्कर मारा. स्टेशनच्या हॉलमध्ये भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, वीस हजारांच्या आसपास, त्यावर लढाया, राजे, खेड्यातले सण. फुकट आहे, आत बेंच नाहीत तेवढं एक. दुसऱ्या दिवशी पूल. दोम लुईश पूल १८८६ चा, दोन मजली, वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि माणसं जातात, खालचा मजला नदीकाठाला लागून. हा पूल आयफेलने बांधला असं तिथे दहा जण सांगतात, तसं नाहीये, तो त्याच्या आधीच्या भागीदाराने, सेरीगने केला, आयफेलच्या कंपनीचा पूल थोडा पुढे आहे, मारिया पिया नावाचा, १८७७ चा.

आणि इथे गुडघ्यांचा विचार करा. पोर्तो म्हणजे चढ-उतारांचं गाव, नदी खाली आणि गाव वर, सगळे लोक उत्साहात खाली उतरतात आणि मग वर बघून रडतात. तुम्ही उलटं करा. वरच्या मजल्यावरून पूल ओलांडा (किंवा एक स्टॉप मेट्रो घ्या, जार्दीं दु मोरूला उतरा), तिथून केबल कारने खाली नदीकाठी गायाला (पलीकडच्या काठावरचं गाव) जा. गायामध्ये पोर्ट वाइनच्या वखारी आहेत. सासूबाई वाइन घेणार नाहीत हे मला माहितेय, पण आत न्या त्यांना, थंड असतं, आणि तिथला गाइड त्या मोठ्या लाकडी पिंपाला "पीपा" म्हणेल तेव्हा त्यांच्याकडे बघा. आपलं पिंप तिथूनच आलंय. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं, लिलाव, नाताळ, फीत, सगळे तिकडचे. मुलाला सांगा की जो पहिल्यांदा दुकानाच्या पाटीवर आपला शब्द शोधेल त्याला आइस्क्रीम, चौदा वर्षांच्या मुलाला जुनी चर्चेस दाखवायची तर काहीतरी लाच द्यावीच लागते.

तिसऱ्या दिवशी दोनातलं एक निवडा. एकतर डोरू नदीच्या काठाने जाणारी ट्रेन, पिन्यांवपर्यंत अडीच तास, जाताना उजवीकडची खिडकी पकडायची कारण नदी त्या बाजूला आहे, द्राक्षांचे मळे डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेले दिसतात. सासूबाईंसाठी हे उत्तम, बसून बघायचं. नाहीतर कोइंब्रा, साधारण तासा-सव्वा तासाचं अंतर. तिथलं विद्यापीठ १२९० मध्ये स्थापन झालेलं, आणि त्याच्या जुन्या लायब्ररीत वटवाघळं पाळलीयत, म्हणजे मुद्दाम आणली नाहीत पण हाकलतही नाहीत, कारण ती रात्री पुस्तकं खाणारे किडे खातात, आणि म्हणून संध्याकाळी टेबलांवर चामडं टाकून ठेवतात. मुलगा या एका गोष्टीसाठी तुम्हाला माफ करेल. पण लायब्ररीत जायची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि स्टेशन (कोइंब्रा-बी) गावाबाहेर आहे, विद्यापीठ टेकडीवर, तेव्हा सरळ टॅक्सी करा, चढायला जाऊ नका. दोन्ही करू का असं विचारू नका. नाही.

मग लिस्बनची ट्रेन. पोर्तोची मोठी गाडी कांपान्या स्टेशनवरून सुटते, सांव बेंतुवरून नाही, हे इतक्या लोकांचं चुकतं. तिकिटं आधी काढली तर स्वस्त मिळतात. ६५ च्या वरच्यांना पोर्तुगालच्या रेल्वेत अर्ध तिकीट आहे, परदेशी असलात तरी, फक्त पासपोर्ट जवळ हवा. सासूबाईंना हे नक्की सांगा, त्या दोन दिवस खुश राहतील.

लिस्बनमध्ये हॉटेल कुठे घ्यायचं हा तुमच्या ट्रिपचा सगळ्यात मोठा निर्णय आहे. फोटोत आल्फामा सुंदर दिसतं, गल्ल्या, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, पण तिथे टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि पायऱ्या संपत नाहीत. तुम्ही बायशा घ्या. १ नोव्हेंबर १७५५ ला, सगळे संतांच्या सणाला चर्चमध्ये जमलेले असताना लिस्बनला प्रचंड भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आग, अर्ध्याहून जास्त गाव गेलं. त्यानंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने खालचा भाग, म्हणजेच हे बायशा, पूर्ण नव्याने आखला, सरळ रस्ते, काटकोनात चौक. आल्फामा मात्र खडकावर होतं ते बऱ्यापैकी वाचलं, म्हणून ते अजून तसंच वाकडंतिकडं. म्हणजे तुमच्या सासूबाईंना आज जो सपाट रस्ता मिळणार आहे तो पोंबालमुळे. तरीसुद्धा तिथले फुटपाथ छोट्या गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे असतात, पाऊस पडला की साबण लावल्यासारखे. रबरी सोलचे बूट, नवे नकोत, महिनाभर घरी वापरलेले.

पाच रात्री अशा: एक दिवस नुसतं बायशा आणि नदीकाठ. एक दिवस बेलें (लिस्बनचाच नदीकाठचा भाग). एक दिवस सिंत्रा. एक दिवस रिकामा, त्यात एव्होरा करायचं का ते तिथे गेल्यावर ठरवा (ट्रेनने दीड तास, रोमन देवळाचे खांब आणि माणसांच्या हाडांनी मढवलेलं एक चॅपल; मुलगा हो म्हणेल, सासूबाई नाही म्हणतील).

बेलेंला सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो. जेरोनिमुश मठ, बांधायला सुरुवात १५०१ मध्ये, मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. आत वास्को द गामाचं थडगं आहे. तो वारला कोचीला, १५२४ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी, अवशेष नंतर पोर्तुगालला नेले. शाळेत आपण "भारताचा सागरी मार्ग शोधला" एवढं एक वाक्य पाठ केलेलं असतं, त्याच माणसाने १५०२ च्या फेरीत यात्रेकरूंनी भरलेलं जहाज जाळलं होतं हे तिथे कोणत्याही पाटीवर मला दिसलं नाही, मुलाला तुम्हीच सांगा. मग बाहेर येऊन पाश्तेल (कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट) खा. १८३७ पासूनचं दुकान आहे, बाहेर मोठी लाइन दिसते ती पार्सलची असते, आत बसायला भरपूर जागा आहे, लाइन सोडून सरळ आत जाऊन टेबल मिळतंय का बघायचं.

सिंत्रा "वाटेत" नाहीये हे एव्होरा-प्रेमी नवऱ्याला सांगा, तो अख्खा दिवस आहे. रोसियू स्टेशनवरून ट्रेन, पाऊण तास. पेना राजवाड्याचं तिकीट ऑनलाइन, वेळेचं. त्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या गेटची नाही, आणि गेटपासून वर पोचायला अर्धा तास जातो, तेव्हा तासभर आधी पोचा. आत एकच राजवाडा नीट बघा, उरलेले तीन फोटोत बघा. सोमवारी पेना चालू असतं म्हणून मी सोमवार सुचवणार होते, पण हीच अक्कल सगळ्या जगाने सोमवारी वापरलेली असते, त्यामुळे मंगळवार-बुधवार सकाळची पहिली वेळ बघा.

प्रश्न (सांगली): आईबाबा शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. पोर्तुगालमध्ये सगळं मासे-मांस असतं म्हणे. दहा दिवस उपाशी राहतील का? काय काय बरोबर न्यावं?

उत्तर: उपाशी नाही राहणार पण रोज थोडं डोकं चालवावं लागेल. मी स्वतः मासे खाते, त्यामुळे माझ्यासाठी तो देश म्हणजे स्वर्ग, पण माझी जाऊ बरोबर होती आणि ती तुमच्या आईबाबांसारखीच, त्यामुळे हे सगळं तिच्या कृपेने शिकले.

पहिली गोष्ट, किचन असलेलं छोटं अपार्टमेंट घ्या, हॉटेल नको. सुपरमार्केट सगळीकडे आहेत, दही, दूध, फळं, भाज्या, तांदूळ, चण्याचे डबे. एक वेळ घरी भात-आमटी झाली की माणसाचा स्वभाव सुधारतो.

दुसरी, रेस्टॉरंटमध्ये बसलात की न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज येतं. आपल्याला वाटतं काय अगत्य आहे. ते बिलात लागतं. नको असेल तर हसून परत पाठवा, कोणाला राग येत नाही, हात लावला नाही तर पैसे नाहीत. शाकाहाऱ्यांनी मात्र कधीकधी तोच पाव आणि ऑलिव्ह ठेवून घ्यावेत, कारण कदाचित तेच सगळ्यात भरवशाचं असतं.

सूप बहुतेक ठिकाणी मिळतं आणि भाज्यांचं असतं, पण काल्दु व्हेर्द नावाच्या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती तरंगत असते, आधी विचारा. "सें कार्न, सें पैश, सें ओव्हु" (sem carne, sem peixe, sem ovo) म्हणजे मांस नको, मासे नको, अंडं नको, हे कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा, उच्चार करायला जाऊ नका, पोर्तुगीज लोक अर्धे स्वर गिळतात. पाश्तेल द नातात अंड्याचा बलक असतो. आरोश दोस म्हणजे आपली तांदळाची खीर, वर दालचिनीची नक्षी, पण त्यातही खूप ठिकाणी बलक घालतात. आईंना हे आधी सांगा, खाऊन झाल्यावर सांगू नका.

पोर्तोचं फेमस सँडविच फ्रांसेझिन्या म्हणून मिळतं, त्यात तीन-चार प्रकारचं मांस आणि वरून चीज, सॉस. शाकाहारी प्रकार काही ठिकाणी असतो, पण आईबाबांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

लिस्बनला राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर. तिथली हिंदू मंडळी मूळची बरीचशी गुजराती, मोझांबिकमार्गे आलेली. मंदिरात शाकाहारी जेवणाची कँटीन आहे, कधी चालू असते ते निघण्याआधी विचारून घ्या. आणि मार्तीं मोनीझच्या आसपास आपल्याकडच्या किराणा मालाची दुकानं आहेत, डाळी, पीठ, मसाला सगळं. गोव्याकडची रेस्टॉरंट्सही लिस्बनमध्ये आहेत पण तुमच्या आईबाबांना तिथे कोळंबीचा वास सोसावा लागेल, शाकुती बघून मी मात्र दोनदा गेले.

न्यायचं काय: मेतकूट, चटण्या, चिवडा, उपम्याचं भाजलेलं पीठ, थोडं पोह्यांचं. न्यायचं नाही काय: तूप, पेढे, बर्फी, पनीर, दुधाचं काहीही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सने बॅग उघडली तर टाकून देतात. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. म्हणजे हापूस हे नाव अफोंसु द आल्बुकेर्कवरून आलं असं आपण सांगतो, त्याच आल्बुकेर्कचा पुतळा बेलेंला चौकात उभा आहे, आणि त्याच्या देशात हापूसची पेटी नेता येत नाही. आमच्या एका ओळखीच्या काकांनी नेली होती. एअरपोर्टवरच चार आंबे उभ्याउभ्या खाल्ले आणि उरलेले सोडून दिले.

प्रश्न (पुणे): आमचा प्लॅन पोर्तुगाल ४ रात्री आणि पॅरिस ३ रात्री असा आहे, उतरणार मात्र पॅरिसला. व्हिसा कुठला काढायचा? एजंट म्हणतो फ्रान्सचा काढा, लवकर मिळतो.

उत्तर: पोर्तुगालचा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) नियम असा की जिथे जास्त रात्री तिथे अर्ज, रात्री सारख्या असतील तरच जिथे आधी उतरणार तिथे. कुठला लवकर मिळतो यावर देश निवडायचा नसतो, उगाच खोटं बुकिंग दाखवून रिजेक्शनचा शिक्का घेऊ नका, तो पुढे बऱ्याच देशांच्या अर्जात सांगावा लागतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी, पण पंधरा दिवस ही पुस्तकातली गोष्ट झाली, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, दोन-तीन महिने आधी धावपळ सुरू करा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वयाच्या मुलांना ४५, त्याखाली फुकट, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारी हॉटेलं आणि तिकिटं घेऊ नका, दोन-चार हजार वाचवायला जाऊन लोकांचे लाख गेलेत.

अजून एक, ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारायच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीय. पहिल्या वेळी रांग लांब असते. तुम्ही पॅरिसला उतरून लगेच पुढचं विमान पकडणार असाल तर मधे दीड तास ठेवू नका, तीन-साडेतीन ठेवा.

प्रश्न (वसई): आमच्या मम्मीला मरायच्या आधी फातिमाला जायचंय (हे तिचेच शब्द, तब्येत एकदम ठणठणीत आहे). १३ मे ला जावं का? आणि आम्ही वसईचे, तर तिथे आमच्याशी संबंधित काही बघण्यासारखं आहे का? पप्पा म्हणतात पणजोबांचे कागदपण शोधू.

उत्तर: मम्मीला सांगा, आधी जाऊन येऊ, बाकीचं नंतर बघू.

१३ मे हा फातिमाचा सगळ्यात मोठा दिवस, १९१७ मध्ये तीन मेंढपाळ मुलांना पहिल्यांदा माऊलीचं दर्शन झालं ती तारीख. आदल्या रात्री, १२ ला, मेणबत्त्यांची मिरवणूक असते, लाखो लोक येतात, काही जण कित्येक दिवस चालत आलेले, काही गुडघ्यांवर. मम्मीची श्रद्धा गर्दीत फुलणारी असेल तर त्याच दिवशी जा, पण राहायची जागा खूप महिने आधी धरावी लागेल. शांतपणे बसून रोझरी म्हणायची असेल तर दुसऱ्या कुठल्याही आठवड्याचा मधला वार बघा. माझं मत विचाराल तर दुसरं, पण मम्मीचा प्रवास आहे, मत तिचंच घ्या.

तिथे ट्रेनने जाऊ नका. फातिमा नावाचं स्टेशन आहे आणि ते फातिमापासून वीस-एक किलोमीटर लांब आहे, तिथे उतरून लोक हवालदिल होतात. लिस्बनहून थेट बस आहे, दीड तासाच्या आसपास.

लिस्बनमध्ये कथीड्रलजवळ संत अँथनीचं चर्च आहे ते चुकवू नका. आपण पादुआचा अँथनी म्हणतो, पण जन्म लिस्बनचा, आणि ते चर्च त्याच्या जन्मघराच्या जागेवर आहे असं मानतात. तुम्ही मे ऐवजी जून धरलात तर १२ च्या रात्री आख्ख्या लिस्बनमध्ये त्याचा सण असतो, गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात, अगदी आपल्या गावातला सण वाटतो. २३ जूनच्या रात्री पोर्तोला सांव जुआंव, त्यात लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतात, तुमच्याकडे सांव जांव करता त्याचाच भाऊ, फक्त विहिरीत उड्या नाहीत.

वसईशी संबंधित म्हणाल तर "वसई" अशी पाटी लावलेलं काही शोधू नका. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, दोनशे वर्षं झाली म्हणजे काही कमी नाही, पण त्यांच्या गोष्टीत गोवाच जास्त येतो. तुम्हाला ओळखीचं दिसेल ते वेगळं. चर्चच्या दर्शनी भिंती, खिडक्यांच्या चौकटी, गल्लीच्या तोंडाशी क्रूस. एखाद्या खेड्यात उभं राहून मम्मी म्हणेल हे आपल्या गावासारखं आहे, तेव्हा फोटो काढा.

पणजोबांच्या कागदांचं काम या ट्रिपमध्ये घुसडू नका. गोवा-दमण-दीवच्या लोकांचं पोर्तुगीज नागरिकत्वाचं प्रकरण वेगळं, १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांचं. वसई त्याच्या कितीतरी आधी सुटली, तेव्हा पासपोर्टची आशा ठेवून पप्पा येत असतील तर विमानात बसायच्या आधीच सांगा. नुसती वंशावळ हवी असेल तर आधी आपल्याच पॅरिशची बाप्तिस्म्याची रजिस्टरं बघा, तिथे पोर्तुगीज येत नसलं तरी फादर मदत करतात.

प्रश्न (लेस्टर, मूळची नागपूरची): ताई मी इथे मास्टर्स करतेय, २३ वर्षांची, एकटीच लिस्बनला चार दिवस जायचं म्हणतेय, बजेट टाइट आहे. सेफ आहे का? आणि ती पिवळी ट्रॅम नंबर २८ मस्ट आहे का?

उत्तर: अगं पहिलं, यूकेचा स्टुडंट व्हिसा असला तरी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, तुझ्याच वर्गातल्या ब्रिटिश मैत्रिणी तिकीट काढून मोकळ्या होतील आणि तुलाही काढायला लावतील, तू आधी व्हिसा घे.

सेफ आहे, एकटीने फिरायला मला युरोपातल्या बऱ्याच शहरांपेक्षा बरं वाटलं. बायशामध्ये रस्त्यात माणसं हळूच जवळ येऊन चरस-गांजा हवाय का विचारतात, बघून दचकायला होतं, पण उत्तर न देता चालत राहिलं की सोडून देतात, आणि ते विकतात तेही बहुतेक खोटंच असतं म्हणे. खरा त्रास पाकीटमारांचा. आणि ते सगळ्यात जास्त कुठे असतात, तर तुझ्या त्या २८ नंबरमध्ये.

ट्रॅम मस्ट वगैरे नाही. लोक मार्तीं मोनीझला तास तास रांगेत उभे राहतात आणि मग आत कोंबून घेतल्यावर खिडकीतून काही दिसत नाही, माझ्या वहिनीची पर्स तिथेच उघडली गेली, चेन बंद होती तरी. तुला बसायचंच असेल तर सकाळी आठच्या आत जा, किंवा दुसऱ्या एखाद्या नंबरची तशीच जुनी ट्रॅम पकड. नाहीतर सरळ २८ च्या रुळांवरून चालत जा, ग्रासापासून आल्फामातून खाली उतार लागतो, तू तेवीसची आहेस, तुझे गुडघे चांगले आहेत. ग्लोरिया फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी ट्रॅम) जुन्या सगळ्या याद्यांमध्ये असते, तिथे सप्टेंबर २०२५ मध्ये अपघात होऊन सोळा माणसं गेली, त्यामुळे जुनी यादी वाचून त्या चढावर जाऊन उभी राहू नकोस.

बजेटसाठी: दुपारी "प्रातु दु दिया" म्हणजे आजची थाळी माग, संध्याकाळपेक्षा बरीच स्वस्त असते. कॉफी काउंटरवर उभी राहून पी, बाहेर खुर्चीत बसलं की तीच महाग. मेट्रो-ट्रॅमसाठी एक कागदी कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून ठेव, ड्रायव्हरकडून सुटं तिकीट घेतलं की जास्त पडतं. सूर्यास्त बघायला तिकिटाची लिफ्ट नको, टेकड्यांवर मिरादोरू, म्हणजे गाव दिसेल अशा मोकळ्या जागा असतात, बसायला कट्टा, कोणीतरी गिटार वाजवत असतं, सगळं फुकट. चार दिवसांत लिस्बन आणि सिंत्रा बस झालं, पोर्तो पुढच्या वेळी.

आणि स्वस्तातलं विमान घेशील ते बहुतेक टर्मिनल २ वरून सुटेल. तिथे मेट्रो जात नाही, मेट्रो टर्मिनल १ ला सोडते, तिथून फुकट शटल बस. त्याला वीस मिनिटं जास्तीची धर, आणि तुझा पासपोर्ट युरोपियन नाही म्हणजे निघतानाही पासपोर्ट कंट्रोलची रांग आहे, त्याची वेगळी. टर्मिनल २ ला खायला फारसं काही नसतं, पाश्तेलचा बॉक्स गावातूनच घेऊन ये.